दफेदारांची मुदत

म्हैसुरात मला कुणी जागा देईना. मुलींच्या शाळेतली नोकरी पक्की होती, बरोबर एक ट्रंक आणि एक वळकटी होती, वागणूक सरळ होती. पण कपाळ पांढरं होतं. एकटी विधवा, त्यात तरुण, त्यात शिकवणारी. गावातली मराठी घरं मला ओटीवर बसवून ताक द्यायची, धारवाडकडचं कोण कोण ओळखीचं आहे ते विचारायची, आणि खोलीचा विषय निघाला की घरातल्या कुणाला तरी आठवायचं, ती खोली मेव्हण्यासाठी ठेवलेली आहे. एका गावात इतके मेव्हणे असू शकतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

बन्नीमंटपाच्या वाटेवरचं अगदी कडेचं घर राहिलं होतं. तिथे ओट्यावर एक म्हातारा खुर्चीत ताठ बसलेला. अंगात घरातली बंडी, खाली घोडेस्वाराची तुमान, पायात बूट आणि बुटांपासून गुडघ्यापर्यंत करकचून गुंडाळलेल्या खाकी पट्ट्या. मी नमस्कार करून जागेचं विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "दात दाखवा."

मी दाखवले नाहीत. उन्हात पायपीट करून डोकं तापलेलंच होतं. म्हटलं, "घोडी विकत घ्यायची आहे, की भाडेकरू ठेवायचाय?"

म्हातारा इतका हसला की त्याला धाप लागली. ती ओसरायला बराच वेळ गेला. मग आत तोंड करून ओरडला, "तुळसा, मागची खोली झाड गं! बाई येतात." आणि मला म्हणाला, "नोडी बाई, बघा, एक अट. माझ्या नातीला इंग्लिश शिकवायचं. मॅट्रिक पास करायचं. दुसरं काही नको."

"आणि लोक बोलतील त्याचं?"

"घर माझं आहे. लोकांचं नव्हे."

ते दफेदार. सगळा मोहल्ला त्यांना याच नावानं ओळखायचा, आणि मीही. म्हैसूरच्या घोडदळात उमर घालवून ते घरी बसले होते. त्यांचा पणजा की खापरपणजा कुठल्याशा स्वारीत इकडे आला आणि परत गेलाच नाही. का गेला नाही असं विचारलं तर म्हणत, "घोडं दमलं असेल." घरात मराठी बोलत, पण ते मराठी कानडीच्या अंगणात वाढलेलं. "डाक्टर सांगितला, मी ऐकलो नाही," असं ते बोलू लागले की माझ्या मास्तरकीच्या कानांना पहिले काही महिने फार त्रास झाला. मग एक दिवस मीच वर्गात "मी धडा शिकवली" असं म्हणून बसले आणि गप्प झाले.

शकुन-अपशकुनावर त्यांचा डूख होता. मांजर आडवं गेलं की ते मांजराला सलाम करून पुढे जात. अमावास्येला मुद्दाम दाढी करत. सकाळी उठून विधवेचं तोंड बघू नये हे ज्या कुणी ठरवलं असेल, त्याला हरवायला ते रोज माझ्या दारात येत. टाचा जुळवून उभे राहत आणि म्हणत, "बाई, तोंड दाखवा." मी बाहेर आले की सलाम ठोकत आणि मग देवराज मोहल्ल्यात भाजी आणायला निघत. परत आल्यावर मला हकिगत मिळे. "आज तुमचं तोंड बघून गेलो. वांगी चांगली मिळाली, आणि तो चुगलखोर जमादार शेणात घसरून पडला. दोन्ही कामं झाली."

पहिल्या दिवशी मी दार लावून रडले होते. माझं नवव्या वर्षी लग्न लावून दिलं आणि अकराव्या वर्षी मी विधवा झाले. तेव्हापासून सकाळी माझं तोंड बघायला आपण होऊन कुणी आलं नव्हतं.

आपल्या पायांना दफेदार रंगरूट म्हणत. सकाळी आत बसून पट्ट्या गुंडाळताना त्यांना दम देत, "डावा, फुगू नको. उजवा, तू त्याचं बघून शिकू नको." संध्याकाळी आतल्या खोलीत पट्ट्या सुटल्या की दोन्ही रंगरूट बेशिस्त झालेले असत. पट्ट्यांचे वळ कातडीत रुतलेले, आणि त्यांच्या मधे मधे सूज तव्यावरच्या भाकरीसारखी वर आलेली. हे फक्त तुळसाला आणि मला ठाऊक होतं. मुलासमोर आणि गावासमोर त्या पट्ट्या कधी सुटत नसत. झोपही त्यांची न्यारीच. आडवं झालं की श्वास कोंडे, म्हणून खुर्चीतच बसून, समोर स्टुलावर जुनं खोगीर ठेवून त्यावर डोकं टेकून झोपत. कुणी विचारलंच तर सांगत, "पहारा आहे."

तुळसा ही त्यांच्या थोरल्या मुलाची मुलगी. आईबाप दोघंही प्लेगात गेले. पोर हुशार आणि हट्टी. अंकगणित चुकलं की पाटीवर रागावायची. तिला मॅट्रिक करायचं हे दफेदारांनी कधी आणि का ठरवलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "तिला लगाम आवडत नाही. मला दिसतं ते." यापलीकडे त्यांनी त्यावर भाषण केलं नाही.

श्रावणात त्यांना ओट्याच्या तीन पायऱ्याही चढवेनात, तेव्हा तुळसानं आणि मी त्यांना जटक्यात, म्हणजे तिकडच्या टांग्यात, घालून मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर तरुण होता, मद्रासेला शिकून आलेला, अतिशय सभ्य आणि अतिशय खरा. त्यानं छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. पायावर अंगठा दाबला आणि पडलेला खळगा भरतो कधी ते बघत बसला. मग काचेच्या नळीत लघवी घेऊन दिव्यावर तापवली, तर ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. दफेदारांना हे फार आवडलं. परत करून दाखवा म्हणाले.

डॉक्टरनं मला बाजूला यायची खूण केली. दफेदार कडाडले, "इकडे बोला. मरणार मी, बाई नव्हे."

मग डॉक्टर कानडीत, सावकाश बोलला. हृदय थकलं आहे. मूत्रपिंडंही थकली आहेत. एकटं हृदय असतं तर मी धीर दिला असता. एकटी मूत्रपिंडं असती तरी काहीतरी सांगता आलं असतं. दोन्ही एकदम बिघडली की एकाचं औषध दुसऱ्याला सोसत नाही. दसरा बघाल की नाही, शंका आहे.

"शंका आहे," दफेदार म्हणाले. "नक्की नाही ना?"

"नक्की कुणालाच सांगता येत नाही."

"आयितु. मग झालं तर!"

तुळसा माझा हात घट्ट धरून उभी होती. आम्ही जटक्यात बसून परत निघालो. घराजवळ आल्यावर दफेदारांनी गाडीवाल्याच्या लंगड्या घोड्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हे पण पोचलं की नाही? हाकणारा भ्यायला नको." मग आवाज खाली आणून आम्हा दोघींना ताकीद दिली, यातलं धाकट्याच्या कानावर जायचं नाही.

धाकटा म्हणजे त्यांचा हयात असलेला मुलगा, तुळसाचा काका. कचेरीत कारकून होता. माणूस वाईट नव्हे, भित्रा होता. लोक काय म्हणतील या एका काळजीनं त्याचे केस लवकर पिकले होते.

डॉक्टरनं मीठ बंद केलं, कॉफी बंद केली, चालणं बंद केलं आणि पडून राहायला सांगितलं. दफेदारांनी मीठ त्या दिवसापासून सोडलं ते सोडलं. बाकीचं काही ऐकलं नाही. मी बोलले तर म्हणाले, "हुकूम कुठला पाळायचा, कुठला मोडायचा, हे ज्याला कळत नाही तो शिपाई नव्हे, खांब आहे." मीठ मात्र इतकं कडक, की शेजारणीनं आंब्याचं लोणचं पाठवलं तर बरणी उघडून डोळे मिटून वास घेत आणि परत पाठवत. एक नातलग जेवायला बसला होता. दफेदारांच्या ताटातला नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेला गोळा, आणि अळणी सार बघून हळहळला, "असलं जेवायचं म्हणजे दफेदार, जिवंतपणी..."

"जिवंतपणी जे काय असेल ते मला चालतं," दफेदार म्हणाले. "वाढ गं तुळसा."

हाच नातलग पुढे भाद्रपदात दोन दिवसांच्या तापानं गेला. दफेदार पूर्ण गणवेश चढवून, बिल्ले लावून त्याच्या अंत्ययात्रेला गेले. परत येऊन आंघोळ केली आणि मला म्हणाले, "ह्याला तर डाक्टर काहीच सांगितला नव्हता." त्यात आनंद होता असं मी म्हणणार नाही. पण दुःखही फारसं नव्हतं.

मग दसरा आला. हत्ती निघायच्या कितीतरी आधी दफेदार गणवेशात रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. बाजूला धाकटा, तुळसा आणि मी. स्वारी गेली, घोडदळ गेलं, आपल्या जुन्या पलटणीला त्यांनी सलाम केला आणि हात खाली घेता घेता गर्दीत त्यांना तो डॉक्टर दिसला. झालं! म्हाताऱ्याला राहवेना. तिथूनच टाच आपटून त्यांनी डॉक्टरलाही एक कडक सलाम ठोकला. डॉक्टर आश्चर्यानं गर्दी सारत आला, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मनापासून म्हणाला, "तुम्ही हा दसरा बघाल असं मला खरंच वाटलं नव्हतं."

धाकट्यानं ते ऐकलं. म्हणजे जे आम्ही दोन महिने लपवलं ते दफेदारांच्या मस्तीनं एका सलामात बाहेर आलं. घरी जाईपर्यंत धाकट्यानं डॉक्टरकडून सगळं काढून घेतलं होतं.

त्याच आठवड्यात त्यानं तुळसासाठी स्थळ बघायला सुरुवात केली. त्याचा हिशेब त्याच्या बाजूनं सरळ होता. अप्पा गेले की वर्षभर घरात मंगलकार्य नाही. तोवर पोर सोळा ओलांडणार. मग तिला पदरात कोण घेणार, आणि गाव कुणाला नाव ठेवणार? त्यापेक्षा अप्पांच्या डोळ्यांदेखत फाल्गुनात उरकून टाकावं. म्हाताऱ्या माणसालाही समाधान. परीक्षा चैत्रात होती. शिमोग्याच्या ज्या घरातून विचारणा आली, त्यांनी आधीच कळवलं होतं की सून शाळेत जाणार नाही.

तुळसानं पुस्तकं मिटून ठेवली. तिसऱ्या दिवशी ती आजोबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. "अज्जा, खरं सांग. तू मरणार?"

"मरणार. तू पण मरणार. परीक्षा आधी कुणाची आहे ते बघ, आणि पुस्तक उघड."

माझा मात्र तोल गेला. मी त्यांना म्हटलं, ही पोर माझ्यासारखी व्हायला मला नको आहे. तुम्ही घरातले वडील, एकदा नाही म्हणा आणि संपवा. ते म्हणाले, "मी नाही म्हटलो तर तो माझ्या मरणाची वाट बघत बसतो, आणि वर्ष झालं की करतो. सोयरेच नको म्हणायला पाहिजे, बाई. मी बघतो. साकु, आता पुरे."

मुलगी बघायला माणसं मार्गशीर्षात आली. मुलाचे वडील, आई आणि मामा. धाकट्याच्या बायकोनं शिरा केला होता. धाकट्यानं मला हात जोडून सांगितलं होतं की बाई, आज तेवढं खोलीतून बाहेर येऊ नका, शुभकार्य आहे. मी दाराच्या फटीतून बघत होते. तुळसा निळ्या इरकलीत, मान खाली घालून, दात ओठ खात बसली होती. दफेदार खुर्चीत, गणवेशात, पट्ट्या चापूनचोपून. आणि त्यांच्या शेजारी तो डॉक्टर. "डाक्टर पण घरचा माणूस आहे, बोलवून घे," असं त्यांनी मुलाला सांगितलं तेव्हा धाकट्याला आनंदच झाला होता. अप्पांचे दिवस थोडे उरलेत हे सोयऱ्यांना पटवायला डॉक्टरपेक्षा चांगला साक्षीदार कुठला?

खाणं झालं. मुहूर्ताचं बोलणं निघालं. दफेदारांनी घसा खाकरला.

"सोयरे, माझा मुलगा तुम्हाला सांगितला ना, मी जायला टेकलो म्हणून?"

मुलाचे वडील संकोचले. "तुमची इच्छा आहे म्हणून कळलं. डोळ्यांदेखत व्हावं म्हणून."

"खरं आहे. डाक्टर, ह्यांना सांगा."

"प्रकृती नाजूक आहे," डॉक्टर म्हणाला.

"नाजूक बिजूक नको. फाल्गुनात मी असतो का?"

"असाल. कदाचित नसालही."

"मुहूर्ताच्या आदल्या दिवशी जाऊ शकतो?"

डॉक्टरला खोटं बोलता येत नव्हतं. "ते कुठल्याही दिवशी होऊ शकतं."

"पोरीला हळद लागल्यावर?"

डॉक्टरनं मान खाली घातली. "होऊ शकतं."

मग दफेदार वाकले आणि भर बैठकीत उजव्या पायाची पट्टी सोडू लागले. धाकटा "अप्पा, अप्पा" करत उठला. ते थांबले नाहीत. पट्टी सुटली, बूट निघाला, आणि तो चकाकणारा, सुजून निळसर पडलेला पाय त्यांनी सोयऱ्यांच्या समोर ठेवला. नडगीवर अंगठा रोवला, काढला. खळगा तसाच राहिला. सगळे त्या खळग्याकडे बघत राहिले.

"हे पाणी," दफेदार म्हणाले. "वर चढतं आहे. कुठल्या दिवशी छातीत पोचतं ते डाक्टरला पण माहीत नाही. हळद लागलेली पोर मांडवात, तुम्ही वऱ्हाड घेऊन दारात, आणि मी आत गेलेलो. सुतक. मग काय करता? हळदीच्या अंगानं नवरा परत नेता?"

मुलाच्या आईनं हातातली बशी खाली ठेवली.

आणि तेव्हा त्यांनी हाक मारली, "बाई! पाहुण्यांना पाणी आणा."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. मी पदर सारखा केला, तांब्या-भांडं घेतलं आणि पांढऱ्या कपाळानं, बोडक्या गळ्यानं बैठकीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. मुलाच्या आईपुढे पाणी धरलं. तिनं घेतलं नाही. मामा आधीच चपला शोधत होते. जटका गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत ते लग्न मोडलं होतं.

धाकटा डोकं धरून बसला. "अप्पा, हे काय केलं?"

"खरं सांगितलो. अर्धं तूच सांगत होतास गावभर. मी पुढचं सांगितलो, तेवढंच."

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. मला राग आला होता, आणि तो कशाचा हे नीट सांगता येत नव्हतं. म्हटलं, "माझं वैधव्य तुम्ही वापरलंत. निदान मला विचारायचं तरी."

त्यांचे पाय बादलीत होते. मग म्हणाले, "चुकलो. विचारलो असतो तर आला असता?"

"आले असते. धावत आले असते."

"मग रागवा. हक्क आहे तुमचा," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. तुळसा दाराशी कंदील घेऊन उभी होती, तीही हसली आणि मग मोठ्यानं रडली.

पण त्या दिवसापासून दफेदारांची मोठी पंचाईत झाली. आजवर ते आजार लपवत होते, आता तो गावाला दिसत राहायला हवा होता. पट्ट्या गेल्या. सकाळभर ते ओट्यावर दोन्ही उघडे पाय उन्हात पसरून बसत, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. कुणी "आज बरे दिसता" म्हणालं की त्याच्याकडे रागानं बघून खोकत. आणि तरी मरून चालणार नव्हतं, कारण ऐन परीक्षेत सुतक आलं तर पोरीला घराबाहेर पाठवणार कोण? मरायला टेकलेलं राहायचं आणि मरायचं नाही, अशी ती नोकरी होती.

ती सोपी नव्हती. हृदयाच्या औषधाचे थेंब वाढवले की अन्न पोटात ठरत नसे. कमी केले की धाप लागे. पाणी उतरवायचं औषध दिलं की जीभ कोरडी पडून शुद्ध जाते की काय असं वाटे. डॉक्टर बिचारा दोन सासवांच्या मधे सापडलेल्या सुनेसारखा झाला होता. एकीचं मन राखावं तर दुसरी रुसायची. माघात त्यानं घरी येऊन पायांना सुया टोचून पाणी काढलं. परातीत ते थेंब थेंब पडत असताना तुळसा शेजारी बसून मोठ्यानं इंग्लिश कविता पाठ म्हणत होती, कारण अज्जाचा तसा हुकूम होता. एका ठिकाणी ती अडखळली. "परत म्हण," दफेदार म्हणाले. त्यांना इंग्लिशचं अक्षर येत नव्हतं. अडखळणं मात्र कुठल्याही भाषेतलं कळायचं.

मी तेव्हा त्यांच्याकडे बघून घाबरले होते. रात्रीत संपेल असं कितीदा वाटलं. त्यांना मी एकदाही "देवाची इच्छा" असलं काही म्हणाले नाही. म्हणाले असते तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं.

चैत्रात परीक्षा झाली. शेवटचा पेपर देऊन तुळसा आली, शाईचे हात घेऊन सरळ त्यांच्यापुढे उभी राहिली. "झालं?" "झालं." त्यांनी मान डोलावली, आणि एकदम फार म्हातारे दिसू लागले.

गंमत म्हणजे त्यानंतर त्यांना बरं वाटू लागलं. उन्हाळ्यानं म्हणा, औषधानं म्हणा, सूज उतरली. डॉक्टर तपासायला आला तेव्हा दफेदारांनी आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन विचारलं, "किती दिवस आहेत?"

डॉक्टर खूश होता. "असंच मीठ सांभाळलंत तर हाही दसरा बघाल."

दफेदार संतापले. "तेव्हा मरा म्हणत होता, आता जगा म्हणतो! तुमचं खरं काय धरायचं?"

"माझं तेव्हाही खरं नव्हतं, आताही नाही," डॉक्टर हसून म्हणाला. "तुम्ही मला एवढं तरी शिकवलंत."

दफेदार हसले नाहीत. लग्नसराई चालू होती. त्यांची तब्येत सुधारल्याची बातमी शिमोग्याला पोचली होती आणि तिकडून निरोपही आला होता. आता काही धोका नसेल तर आषाढाच्या आत बघू, म्हणून. धाकट्यानं निरोप आणला तेव्हा दफेदार एवढंच म्हणाले, "निकाल लागू दे." धाकट्यानं मान हलवली. बापापुढे तो फार बोलत नसे.

ज्येष्ठात निकाल लागला. तुळसा पास झाली. दफेदारांनी जटका मागवला, म्हैसूरपाकाचं ताट मांडीवर घेतलं आणि मोहल्ल्यात दारोदार फिरले. ज्यांनी ज्यांनी मला मेव्हण्याचं कारण सांगितलं होतं त्यांचीही दारं त्यांनी सोडली नाहीत. प्रत्येक दारात माझ्याकडे बोट करून सांगितलं, "ही बाई शिकवली." मी जटक्यात अंग चोरून बसले होते आणि मला आनंदानं मरावंसं वाटत होतं.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल. तुळसा सकाळी पाणी घेऊन गेली तर ते खुर्चीत, खोगिरावर डोकं टेकून होते. तिनं हाक मारली, खांद्याला हात लावला, आणि मग मला बोलवायला आली. ती रडत नव्हती. "बाई, अज्जा गेला," असं तिनं नीट, स्पष्ट सांगितलं. आक्रोश केला तो धाकट्यानं. मला त्या दिवशी त्या माणसाची पहिल्यांदा दया आली. तो बापाच्या पायांवर डोकं ठेवून रडत होता आणि ते पाय अजून थोडे सुजलेलेच होते.

तेराव्याला पाहुणे जेवून गेले. मी मागच्या अंगणात भांडी विसळत होते. धाकटा येऊन पेरूच्या झाडाखाली उभा राहिला. मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "शिमोग्याला कळवलं. वर्षभर घरात मंगलकार्य नाही म्हणून."

"बरं," मी म्हटलं.

"तोवर पोर घरात बसून काय करणार? अप्पा गेल्यापासून तिच्याकडं बघवत नाही. मुलींच्या कॉलेजात घेतात का? तुम्ही विचाराल का, बाई?" मग थोड्या वेळानं म्हणाला, "लोक काय म्हणायचे ते म्हणतील. सुतकाच्या घराला कोण काय म्हणतो?"

दफेदारांनी हे धरलं होतं का? मरणाचा दिवस काही त्यांच्या हातात नव्हता; तो कुणाच्याच हातात नसतो हे डॉक्टरनं आम्हाला पुरतं पटवलं होतं. पण खुर्चीत बसून त्या माणसानं सगळ्या बाजूंनी वाटा बघून ठेवल्या असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जगले तर भांडायला ते होते, गेले तर त्यांचं वर्ष होतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि फार रागही आला, कारण हे सगळं ज्याला सांगून हसायचं तो माणूस आता नव्हता.

कॉलेज उघडलं त्या दिवशी पाऊस नव्हता, नुसतं आभाळ होतं. तुळसा नवी वही छातीशी धरून उंबऱ्यात उभी होती. धाकट्याची बायको आतूनच म्हणाली, "दुःखाचं वर्ष आहे गं, दही घालत नाही मी. अशीच जा." तुळसा गेली नाही. ती अंगण ओलांडून माझ्या दारात आली आणि उजवा हात पुढे केला.

मी मागे सरले. "अगं, मी कशी घालू? माझ्या हातचं..."

"लवकर घाला, बाई. घंटा होते."

मी दह्यात साखर कालवली. घाईत थोडं तिच्या वहीवर सांडलं. तिनं तळहात चाटला, वही पदराला पुसली आणि निघाली. मी रस्त्याच्या कडेपर्यंत तिच्या मागोमाग गेले आणि ती वळणावर पोचेपर्यंत तिथेच थांबले. समोरून सकाळच्या कामाला निघालेला एक गृहस्थ येत होता. मला बघून तो थबकला, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला आणि वाट सोडून पलीकडच्या बाजूला गेला. एरवी मी पदर ओढून घरात पळाले असते. त्या दिवशी मी तिथेच, रस्त्याच्या कडेला, मान वर करून उभी राहिले.